का विकताय, हे कुणी विचारत नाही

फलटणच्या एसटी स्टँडासमोर टांगा हाकण्यात नाथाजीचा जन्म गेला. घोड्यांचा त्याला कधी कंटाळा आला नाही. लीद काढताना, जखमेतले किडे वेचताना त्याने कधी नाक मुरडलं नाही. पण घोडं विकत घ्यायला निघालेला माणूस दिसला की त्याच्या तोंडाला कडू पाणी सुटायचं.

त्याला कारणही तसंच होतं. तालुक्यात कुणाला घोडं घ्यायचं झालं की नाथाजीला बाजाराला सोबत नेत. घोडं खोकतं का, उतारावर पाय कसा टाकतं, नाल मारताना पाय देतं का, रात्री बसतं की उभंच राहतं, एकटं बांधलं तर काय करतं, हे सगळं त्यानं विकणाऱ्याला विचारायचं असे. पण नेणारा बाजारात शिरला की नाथाजीला पार विसरून जाई. घोड्याभोवती एक फेरी मारायची आणि चौकशी करायची ती केसांच्या भोवऱ्यांची. गळ्याखाली देवमण, म्हणजे शुभ भोवरा, आहे का? अंगावर कुठं गोम, म्हणजे मालकाला वाईट असलेला भोवरा, नाही ना? त्यात चारी पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा, म्हणजे पंचकल्याणी जनावर निघालं, तर मग बोलायलाच नको. ते एका डोळ्यानं आंधळं असलं तरी घेणाऱ्याला दिसत नसे. घरी नेल्यावर घोडं लंगडायला लागलं की शिव्या मात्र नाथाजीला.

घोड्यांचा व्यापार करणारे हेडी तर त्याला डोळ्यांसमोर नको वाटत. कानशीनं दात घासून म्हाताऱ्याला तरणं करायचं, मारक्याला भांग पाजून गरीब करायचं, हे त्यांचं रोजचं. आणि वर देवाचं नाव. घोडं खंडोबाचं, म्हणून त्या बाजाराची एक रीत होती. सौद्याच्या वेळी विकणाऱ्यानं तळहातावर भंडारा घ्यायचा आणि तो हातात असेपर्यंत जे विचारलं जाईल त्याचं खरं उत्तर द्यायचं. न विचारलेलं सांगण्याची सक्ती नव्हती. सौदा पटला की तोच भंडारा घोड्याच्या कपाळाला लावायचा. हेड्यांना ही रीत भलतीच मानवली होती. त्यांना कधी खोटं बोलावंच लागत नसे, कारण गिऱ्हाईक गोमेच्या पुढं जातच नसे. खोटं न बोलता गळा कापणारी ही जात बघून नाथाजीला शिसारी येई, आणि आपण होऊन मान पुढं करणाऱ्यांची त्याहून जास्त.

अशा माणसावर त्याच बाजारात स्वतःची घोडी घेऊन बसायची वेळ आली.

घोडीचं नाव पाखरी. पांढरीशुभ्र, कामाला खरी, मुलांनी शेपूट ओढली तरी कान न हलवणारी. पण आदल्या वर्षी स्टँडाच्या कोपऱ्यावर उसाच्या ट्रकचा टायर तिच्या कानाशी फुटला. ती उधळली, टांगा रस्त्याकडेच्या चारीत गेला आणि नाथाजीच्या खांद्याचं हाड मोडलं. हाड वाकडं जुळलं, त्या हातात लगाम टिकेना. पाखरीचीही तीच गत झाली. मोठा आवाज झाला, मागून भोंगा वाजला, की ती थरथर कापायची आणि वाट फुटेल तिकडं पळायची. गावात रिक्षा आल्याच होत्या. टांग्यावर आता कोंबड्या बसायच्या. नाथाजीची बायको येसूबाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची आणि त्या मजुरीत दोन माणसं, एक शेळी आणि एक घोडी जगायची. हे फार दिवस चालणार नव्हतं. पाखरीला विकणं भागच होतं.

विकायची, पण कुठल्याशा शांत वस्तीवर, जिथं तिला कुणी भेदरवणार नाही. नाथाजीनं मनाशी ठरवलं होतं, जो पहिल्यांदा का विकताय म्हणून विचारील त्याच्याशीच बोलायचं. ज्याला हे विचारायचं सुचतं त्याला जनावर सांभाळायचंही सुचतं, असा त्याचा हिशेब होता.

जत्रेच्या घोडेबाजारात तो घोडी बांधून बसला आणि माणसं येऊ लागली. एकानं आयाळ उलटीपालटी करून भोवरा शोधला. एकानं तिच्या आईचा रंग विचारला. एकानं पान खाऊन लाल झालेली बोटं तिच्या तोंडात घातली, दात बघितल्यासारखं केलं आणि ती बोटं तिच्याच मानेला पुसली. नाथाजीनं धोतराच्या सोग्यानं मान स्वच्छ केली आणि त्या माणसाच्या पाठीमागं पचकन थुंकला. शेजारी जालिंदर नावाचा हेडी एक पांढरा घोडा घेऊन उभा होता. घोडा सकाळपासून मान टाकून होता, खालचा ओठ लोंबत होता. जालिंदर प्रेमानं म्हणाला की नाथाजीनंही घोडीला थोडी भांग द्यावी, डोळा कसा जड, खानदानी दिसतो. नाथाजीनं त्याच्याकडं पाठ फिरवली.

दुपार कलल्यावर जतकडची एक धनगरीण आली. हरणाबाई. मेंढरांमागं फिरणाऱ्या तिच्या बिऱ्हाडाचा घोडा म्हातारा झाला होता. तिनं भोवरा बघितला नाही. आज घोडीनं वैरण खाल्ली का, हे आधी विचारलं. मग तिच्या नाकाशी आपलं नाक नेलं, पाठीचा कणा दाबत गेली, खाली वाकून तंगाच्या पट्ट्याच्या जागी, पोटाशी, हात फिरवला. वर्षानुवर्षं पट्टा घासून तिथले केस कायमचे गेले होते. मग कमरेवर हात ठेवून तिनं सरळ विचारलं, "आवं, येवढी गुणाची घोडी का इकाया काढली?"

नाथाजीला इतकं बरं वाटलं की त्यानं भंडारा हातात घेण्याआधीच सगळं सांगून टाकलं. टायर, चारी, मोडलेलं हाड, काहीच ठेवलं नाही. हरणाबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पाखरीच्या गळ्यावर थाप मारून म्हणाली, "मला न्हाई जमायची. आमची वाट डांबरीच्या कडंनं. ट्रकांची वर्दळ, आन् हिच्या पाठीवर माजं नातवंड बांधायचं."

ती बरोबर बोलत होती, आणि म्हणूनच नाथाजीचा संताप झाला. ज्या एका माणसाच्या हाती पाखरी द्यावीशी वाटली, त्यानं खरं ऐकलं आणि नको म्हटलं. मग हे खरं काय चाटायचं होतं?

तेवढ्यात लालासाहेब आले. फलटणच्या पाटावरचे बडे बागायतदार, मागं दोन खुशमस्करे. थोरल्या पोराच्या वरातीला पांढरी घोडी हवी होती. त्यांनी फेरी मारली, देवमण सापडला तशी मिशीवरून हात फिरवला. गोम नाही ना, हे तीनदा विचारलं. नाथाजीला सौदा मोडायचा होता. रीत बाजूला ठेवून त्यानं न विचारता सांगितलं की घोडीला दणका सोसत नाही, टायर फुटला तेव्हापासून ती उधळते, वरातीत दारूकाम होणार, नवरदेव खाली येईल.

लालासाहेब हसले. "आरं म्हातारबा, दोन बाटल्या पाजल्या की ढिम्म हुतीया. आन् न्हाईच ऐकलं तर चाबूक हाय की. आमच्या दारात येऊन हत्तीबी गप बसत्यात." खुशमस्करे खदाखदा हसले. एकानं पुढची तयारी सांगितली: वेशीपासून मांडवापर्यंत शोभेच्या दारूचे नळे, आणि शिवाय लष्करातून सुट्टीवर आलेला चुलता बंदुकीचे बार काढणार.

दारू पाजलेली, डोळे फिरलेली, घामानं निथळणारी पाखरी नाथाजीच्या डोळ्यांसमोर आली. तिच्या तोंडात काटेरी लगाम, पाठीवर भेदरलेलं पोर, आणि ते पडल्यावर तिच्या अंगावर तुटून पडलेले हे सगळे. घोडी उधळते हे या माणसाच्या कानात शिरतच नव्हतं. त्याला एकच भाषा समजत होती.

"घे भंडारा," लालासाहेब म्हणाले. "शेवटचं सांग. कुठं गोम?"

नाथाजीनं तळहातावर भंडारा घेतला. उभ्या आयुष्यात त्या हातानं खोटं केलं नव्हतं.

"हाय," तो म्हणाला. "तंगाखाली. पट्ट्यानं केस गेल्यात म्हणून दिसत न्हाई. मालकाच्या मुळावरची गोम हाय ती." आणि सदरा सारून त्यानं वाकडं जुळलेलं हाड दाखवलं.

लालासाहेब विंचू बघितल्यासारखे मागं सरले. घोडीला लावलेला हात त्यांनी धोतराला पुसला. दिवेलागणीच्या आत सगळ्या बाजारात झालं, फलटणच्या पांढऱ्या घोडीला मालक मारायची गोम आहे.

लालासाहेबांनी जालिंदरचा घोडा घेतला. जालिंदरच्या हातावर भंडारा होता, देवमण होता का तर होता, गोम होती का तर नव्हती. तो एक अक्षर खोटं बोलला नाही. नाथाजीला राहवलं नाही. तो ओरडला, "लालासाहेब, सकाळपासनं त्यानं मान का टाकलीया, तेवढं तरी इचारा." पण अशुभ घोडीच्या मालकाचं तोंड कोण बघतो? कपाळाला भंडारा लावून ते झिंगलेलं जनावर वाजतगाजत वरातीच्या वाटेला लागलं. पाखरी वाचली होती, तिच्या जागी दुसरं गेलं होतं.

दावं सोडताना मागं हरणाबाई उभी असलेली त्याला दिसली.

"तंगाखाली म्या हात फिरीवलाय," ती हळू बोलली. "तितं काय न्हाई."

"ठावं हाय," नाथाजी म्हणाला.

"आता हिला मुलखात कोण घेनार न्हाई."

तेही त्याला ठाऊक होतं. त्यानं उरलेला भंडारा कागदात बांधला. पाखरीच्या कपाळाला तो लावायचं धाडस त्याचं झालं नाही.

रस्ता सोडून, रानारानानं, भोंगे टाळत तो घोडीला घरी घेऊन आला. येसूबाई खुरपून नुकतीच परतली होती, शेळीसाठी आणलेला गवताचा भारा अजून डोक्यावर होता. तिनं नवऱ्याकडं बघितलं, घोडीकडं बघितलं. विकली का नाही, हे विचारलं नाही. कुणी काय बोललं, गोम, देवमण, काहीच नाही.

"आन् आता हिला घालायचं काय?" तिनं विचारलं.

घोड्याविषयी विचारायचे सगळे प्रश्न नाथाजीला पाठ होते, पण हा त्याच्याही ध्यानात आला नव्हता. येसूबाई त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत भारा उतरवायला लागली, आणि शेळी ओरडत असतानाच तो तिनं पाखरीपुढं टाकला.