गुण्या आणि कलंडलेला चौकोन

आमच्या छापखान्यात कटिंग मशीनवरच्या काकांना सगळे ‘गुण्या’ म्हणत. गवंडी भिंतीचा काटकोन ज्याने तपासतो, तो गुण्या. काका कपाचा कानसुद्धा टेबलाच्या कडेला समांतर ठेवून मगच चहा पीत. एकतीस वर्षांत त्यांचं एकही काम परत आलं नव्हतं आणि निवृत्तीला महिनाच उरला होता. तेवढा महिना डागाविना जावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

तेवढ्यात एका चित्रकार बाईंची पोस्टकार्डं आली. पांढऱ्यावर एक काळा चौकोन, जरासा कलंडलेला. बस्स. आणि अशी पाचशे!

“छपाई सरकलेली दिसतेय. कापायच्या खुणाही सरकल्या असणार,” काका पुटपुटले. छपाईवाल्यांची लाज राखायला त्यांनी प्रत्येक गठ्ठा किंचित फिरवून चौकोन सरळ येईल असा कापला. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही, आणि मी म्हणे प्रूफं तपासतो!

दुसऱ्या दिवशी बाई सगळी खोकी घेऊन हजर.

“अहो, हा चौकोन वाकडा होता!”

“हो ना. मी सरळ केला,” काका अभिमानाने म्हणाले.

मालकांनी कपाळाला हात लावला. काकांचा चेहरा असा उतरला की मला त्या बाईंचा रागच आला. नाचता येईना त्याला अंगण वाकडं, हे ऐकलं होतं. इथे पैसे मोजून वाकडं अंगण हवं होतं.

बाई मात्र काकांकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “पुन्हा छापून घेऊ. पण आताही खुणा पाहू नका. तुमच्या डोळ्यांना जिथे सगळ्यात जास्त खटकेल, तिथे कापा.”

नवे कागद आले. काकांनी गठ्ठा फिरवला. अजून थोडा. दात आंबल्यासारखं तोंड झालं, तेव्हा कुठे त्यांनी पातं खाली सोडलं.

“वा!” बाई ओरडल्याच. “अगदी हेच!”

काकांनी एक कार्ड घरी नेऊन कपाटावर उभं केलं. त्यांच्याशी इतकी वर्षं गुण्यागोविंदाने संसार केलेल्या काकू लगेच म्हणाल्या, “अहो, हे वाकडं कापलंय तुम्ही.”

हे मला सांगताना काका हसले नाहीत. “एकतीस वर्षं सरळ कापलं,” ते म्हणाले, “कोणी वा म्हणालं नाही रे.”

त्यांतली बावीस वर्षं मी शेजारच्याच टेबलावर बसत होतो.