कोणी विचारलंच नाही

बाबांचं उजवं अंग लुळं पडलं, तेव्हा दादाने मुंबईतूनच घरी रुग्णसेवा देणाऱ्या एका कंपनीचा माणूस ठरवला. मी मालवणात बँकेत नोकरी करते, त्यामुळे दिवसभर घरी कोणीतरी हवंच होतं. कंपनी गोड बोलायची, पण माणूस टिकायचा नाही. एकाची सवय होते न होते तोच दुसरा, आणि बाबांना पुन्हा परक्या माणसासमोर उघडं व्हावं लागायचं. जन्मभर मच्छीमारी बोटीवर तांडेलकी केलेला माणूस. खलाशी त्यांच्या शब्दावर समुद्रात उतरायचे. त्यांना ही पोरं “बाबू, आ करो” म्हणत खिचडी भरवायची.

एका संध्याकाळी घरी आले तर बाबा भिंतीकडे तोंड करून निजलेले. मी खांद्याला धरून वळवलं. मी जन्मल्यापासून पाहत आलेली त्यांची जाड मिशी कोणीतरी साफ काढून टाकली होती.

“बाबा, कोणी केल्यान ह्या?”

त्यांची जीभ जड झाली होती, डोकं नव्हे. शब्द जुळवत म्हणाले, “माका... कोणी इचारूक नाय.”

तो पोरगा कोपऱ्यात उभा. जेवण मिशीत अडकतं, काढून टाक, असं त्याला वरून सांगितलं होतं. त्याच्यावर काय ओरडायचं? मी कंपनीला फोन लावला.

“मॅडम, पेशंटच्या स्वच्छतेसाठीच केलंय,” तिथली बाई म्हणाली. “आणि तुमच्या भावांनी कालच आम्हाला पाचपैकी पाच स्टार दिलेत. ते पूर्ण समाधानी आहेत.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आंघोळ कोणाला घालता आणि समाधान कोणाला विचारता? दादाला फोन केला तर तो हसला.

“अगो, मिशी काय, परत वाढतली.”

“तुका ऑफिसात धरून कोणी तुझी काढल्यान, तर असोच हसतलंस?”

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला रामराम ठोकला.

आता आमच्याच वाडीतले एक काका येतात. पूर्वी इस्पितळात वॉर्डबॉय होते. उशिरा येतात, कुठे जत्रा असली की येतच नाहीत, मग मला रजा टाकावी लागते. दादाला हे पसंत नाही. बदली माणूस नाही, तक्रार करायची कोणाकडे, म्हणतो. कंपनीवाले अजून त्याला फोन करतात, सेवा का सोडलीत म्हणून. मला एकदाही केला नाही. बाबांना तर नाहीच.

मागच्या रविवारी दादाने मला फोनवर विचारलं, नवा माणूस कसा आहे. मी फोन स्पीकरवर टाकून बाबांच्या तोंडाशी धरला. बाबांनी अडखळत का होईना, सगळं ऐकवलं: आंघोळीचं पाणी कोमट, चहा पांचट, माणूस बडबड्या.

“मगे दुसरो बघूया?” दादा म्हणाला.

“मी तसा खंय म्हटलंय?” बाबा खेकसले.