एकावर एक

दुपारी पुतणीनं संगणकावर आकाशगंगेच्या मध्याचा फोटो दाखवला. मोठ्या दुर्बिणीनं काढलेल्या फोटोंतले तारे मोजणं हे तिचं काम. मला तर रवा सांडल्यासारखं दिसलं. बोट ठेवायला काळी जागा नव्हती.

"इथे फार दाटी आहे, काका. एकावर एक पडलेत. एकेक वेगळा काढावा लागतो."

ती सहज बोलली. मी मात्र खुर्चीचा हात घट्ट धरला. जत्रेत देवळाच्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरी झाली, तेव्हा निरोप घेऊन आलेला माणूसही दारातच म्हणाला होता, "एकावर एक पडलेत, वेगळे काढतायत." त्यात दादा गेला, हिचा बाप. ही तेव्हा पाळण्यात होती.

चेंगराचेंगरीच्या थोडं आधी कुणीतरी समोरच्या टेकडीवरून गर्दीचा फोटो काढला होता. तो पेपरात आला. लांबून गर्दी सुंदरच दिसते, आणि जवळ गेलं की माणूस दिसत नाही. आई भिंग घेऊन त्यात दादाला शोधायची. "हा बघ, मान अशीच तिरकी." भिंगाखाली शाईचे ठिपके असायचे. मी हो म्हणायचो. ती त्या ठिपक्यांभोवती पेन्सिलीनं गोल करायची. दोन दिवसांनी दादा दुसरीकडेच सापडायचा.

आई गेली तेव्हा कात्रणात गोल नसलेलं एकही डोकं उरलं नव्हतं.

पुतणीनं एक बटण दाबलं. पडद्यावर प्रत्येक ताऱ्याभोवती हिरवा गोल उमटला.

"बघा," ती हसून म्हणाली, "एकही सोडला नाही."