नकाशावरचे ठिपके आणि गेणूभाऊ

गेणूभाऊ गेल्याचं कळलं ते त्यांच्याच नंबरवरून. स्क्रीनवर त्यांचं नाव दिसलं आणि मी फोन उचलला नाही. पुन्हा तेच विचारतील, असं वाटलं... तिसऱ्यांदा उचलला तर त्यांच्या पत्नी, हौसावहिनी. "ताई, हे गेले. भात झोडता झोडता खाली बसले, ते उठलेच न्हाईत."

घाटघरकडच्या वाड्यांमधल्या माणसांच्या पोटात कोणकोणते जिवाणू राहतात, याचा अभ्यास आमच्या संस्थेनं हाती घेतला होता. मी वारूळवाडीच्या ऑफिसात बसून त्या माहितीचा डॅशबोर्ड करायचा, म्हणजे वेबवर बघता येईल असा नकाशा. घाटघरच्याच गेणूभाऊंनी घरोघर जाऊन शौचाचे नमुने मागायचे. लोक हसायचे, बायका दार लावून घ्यायच्या. "पोटातल्या जिवांची जनगणना हाय राव, लाजताय काय?" म्हणत ते ओसरीवर बसायचे आणि डबी घेऊनच उठायचे. बदल्यात शब्द द्यायचे, की ज्याचं त्याला आपलं पोट स्क्रीनवर बघायला मिळंल.

नकाशा तयार झाल्यावर ते मुद्दाम बघायला आले. एका माणसाचा एक ठिपका. तो दाबला की रंगीत वर्तुळ उघडायचं, जे जिवाणू जास्त त्यांचा तुकडा मोठा. बराच वेळ ते एकेक ठिपका दाबत राहिले. मग म्हणाले, "लई भारी. पण समदं इंग्रजीत. आमच्या लोकांनी काय वाचायचं?" मी मराठीचं बटण बसवलं. आठ दिवस रोज येऊन शब्द त्यांनी सुचवले. मी 'तंतुमय पदार्थ' लिहिलं, तर म्हणाले, "चोथा म्हणा की!"

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी प्रमुखांनी ते बटण काढायला सांगितलं. बाहेरचे पाहुणे येणार, गोंधळ नको. नकाशाला पासवर्डही लागला, आणि तो नमुने देणाऱ्यांसाठी नव्हता. मी बटण काढलं. पाच मिनिटांचं काम. तोंडातून चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी टाळ्या मला मिळाल्या. भाऊ मागं भिंतीला टेकून उभे होते. निघताना भेटले नाहीत.

पुढं वाड्यांवर लोक त्यांना तोंडावर विचारू लागले, "आमची घाण कुठं इकली रं?" लोकांना नकाशा कधी दाखवायचा म्हणून ते मला फोन करायचे, मी म्हणायचे, "पुढच्या महिन्यात नक्की, भाऊ." असे दोन पावसाळे गेले. त्या माणसाला त्याच्याच गावात खोटं पाडलं ते मी.

गेल्या आठवड्यात घाटघरला गेले. वहिनींनी विचारलं, "ह्यांचा बी नमुना व्हता ना त्यात?" होता. इतरांची लाज मोडावी म्हणून पहिला त्यांनी स्वतःचाच दिला होता. रेंजसाठी आम्ही दोघी मागच्या बांधावर जाऊन उभ्या राहिलो. मी ठिपका दाबला, वर्तुळ उघडलं. "हे जिवाणू नाचणी-भाताचा चोथा पचवणारे," मी वाचून दाखवलं. "सगळ्यात मोठा तुकडा यांचाच."

"एवढंच व्हतं?" वहिनी म्हणाल्या. "मग लोकांना का न्हाई दाखवलं?"

तेवढ्यात स्क्रीन विझली. वहिनींनी माझा हात धरला.

"परत लावा. माजं अजून बघून झालं न्हाई."