दुसऱ्या पाण्याची कॉफी

मुलांनो, निघण्याआधीच मी चिडलेली होते. छातीत धडधडते एवढे ऐकून आपल्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिले, 'कॉफी पूर्ण बंद.' किती पिता, केव्हा पिता, उपाशीपोटी की खाऊन, एकही प्रश्न विचारला नाही. तुमच्या बाबांनी अमेरिकेतून फोनवर त्यावर शिक्कामोर्तब केले आणि वर 'आता एकटीने प्रवास नको' हेही जोडले. आठ महिने मी कॉफीला शिवले नाही. धडधड कमी झाली, पण वाचायला बसले की चौथ्या पानावर डुलकी. माझ्या हृदयाविषयी घरादाराला मत होते. मला मात्र कुणी विचारले नव्हते.

रुक्माआजीचे बोलावणे आले आणि मी तिकीट काढले. रुक्मा म्हणजे तुमच्या आजोबांची चुलतबहीण, लग्न होऊन तंजावरला गेलेली. मद्रासहून निघालेली गाडी उजाडता उजाडता पोचली. रिक्षातून जाताना रंगीत टीव्ही आणि थंड पेयांच्या दोन नव्या कोऱ्या जाहिरातींच्या मधून मोठ्या देवळाचे शिखर दिसले. ते पाहून राग थोडा निवला.

राजवाड्यामागच्या बोळात त्यांचे घर. पिशवी खाली ठेवते तोच सून कमला डबरा-टंबलर (पसरट वाटी आणि पेला) घेऊन उभी.

"मला बंद आहे गं," मी म्हटले.

"कोण बोललें?" झोपाळ्यावरून रुक्माचे यजमान श्रीनिवासराव गरजले. त्यांचे मराठी जुन्या वळणाचे आणि चाल तमिळ. "तुम्ही तिकडे पूड पाण्यांत ढवळून पितां, म्हणून छाती उडते. ही पहिली डिकाक्षन, अक्का! ह्या घरीं पाहुण्यांस तीच."

डिकाक्षन म्हणजे पितळी गाळणीतून थेंब थेंब उतरलेला कोरा अर्क. मी प्याले. काय सांगू! आठ महिन्यांनी डोक्यातला दिवा लागला. पण त्यांनी दुपारी पाजली, चार वाजता पाजली, शेजारीणबाईंनी पाजली. नाही म्हटले की चेहरे उतरत. दोन रात्री मी छताचे वासे मोजले.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिरुवैयारूला गेलो. कावेरी सुरेख भरलेली, घाटावर कुणी गाणे शिकवत होते, आणि पायरीवर माझी छाती अशी उडू लागली की मी मटकन बसले. घड्याळ लावून नाडी पाहिली, एकशे चार.

घरी परतताच श्रीनिवासरावांनी चपला चढवल्या. "एसटीडी बूथला जातों. तुमच्या मुलास सांगतों. उद्यां गाडींत बसवतों तुम्हांस."

मला खरोखर संताप आला. तो फोन गेला की तुमचे बाबा मला पुन्हा एकटीला कुठे जाऊ देणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होते. शिवाय ओरत्तनाडूचे छत्र (मराठा राजांनी बांधलेली धर्मशाळा) आणि राजवाड्यातले मोडी कागद पाहायचे राहणार.

"पाजलीत तुम्ही, आणि घालवता मला?" मी म्हटले. "तीन दिवस द्या. नाडी माझी आहे, मीच पाहीन."

"वहिनी शाळेंत हेडबाई होती," रुक्मा हळूच म्हणाली. "ऐका."

त्यांनी चपला काढल्या.

मी वहीत रकाने आखले : वेळ, पोटात काय, किती कॉफी, नाडी, झोप. पहाटे उपाशीपोटी प्याले, अठ्ठ्याण्णव. दुसऱ्या दिवशी ओरत्तनाडूला इडल्या खाऊन प्याले, अठ्ठ्याऐंशी, पण झोप तुटकच. तिसऱ्या सकाळी स्वयंपाकघरात गेले, तर कमला गाळणीतल्या त्याच चोथ्यावर पुन्हा उकळते पाणी ओतत होती.

"ही कुणाची?"

"आमची, मामी. बायकांची. दुसरी डिकाक्षन. तुम्हांस नको."

"दे इकडे."

पातळ, सौम्य, दुधाला जरा बदामी रंग. दोन इडल्यांवर प्याले. नाडी शहात्तर. दिवसभर मोडी कागद पाहिले, डुलकी नाही, आणि रात्री गाढ झोप. सापडली म्हणायची माझी कॉफी!

"तुला आवडते का ही?" मी दुसऱ्या सकाळी कमलाला विचारले.

ती हसली. "आवडून काय करूं? दहा वाजतां डोकें धरतें. चोरून पहिली घेतली एकदां, संध्याकाळपर्यंत डोकें हलकें होतें."

म्हणजे ज्या पेल्याने माझी छाती उडत होती तो तिला हवा होता, आणि तिच्या वाट्याचा मला. मान राखण्याच्या नावाखाली घरातल्या सगळ्यांचे पेले चुकले होते! आम्ही दोन दिवस स्वयंपाकघरात गुपचूप पेले बदलले. मग मलाच लाज वाटली. मी काय चोर आहे? तिसऱ्या दिवशी सकाळी झोपाळ्यासमोर सगळ्यांदेखत माझा टंबलर कमलाच्या हाती दिला आणि तिचा घेतला.

श्रीनिवासराव लालबुंद. "पाहुण्यांस चोथ्याचें पाणी? ह्या घरांत? लोक काय म्हणतील!"

"लोक माझी नाडी मोजणार आहेत का?" मी वही त्यांच्या मांडीवर ठेवली. "वाचा."

देवनागरी त्यांना वाचता येत नाही हे मी विसरलेच होते. पण आकडे मी इंग्रजी लिहिले होते, ते त्यांना वाचता येतात. त्यांनी ते बोटाने वरून खाली दोनदा वाचले आणि आत गेले. दिवसभर माझ्याशी अबोला.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर सगळे पोचवायला आले. श्रीनिवासरावांच्या दोन्ही खांद्यांना एकेक थर्मास. गाडीला वेळ होता. त्यांनी खाकरून, माझ्याकडे न बघता विचारले, "अक्का, पहिली कीं दुसरी?"

आठ महिन्यांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला.

"दुसरी," मी म्हटले. "पण कमलाला विचारलंत?"

रुक्मा पदराआड हसत होती. शेवटी ते सुनेकडे वळले. "तुज?"

"पहिली," कमला म्हणाली. "साखर कमी."

घरी आल्यावर वही डॉक्टरांपुढे ठेवली. ती न उघडता ते म्हणाले, "बंद म्हणजे बंद." मी वही उचलली आणि उद्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जाते आहे. ते आधी प्रश्न विचारतात असे ऐकले आहे. तोवर सकाळी आठला, खाऊन, एक पेला, दुसऱ्या पाण्याचा. तुम्हांला हेच सोसेल असे नाही. आपापली नाडी पाहावी.

रविवारी बाबांचा फोन येईल. त्यांना सांगा, आधी विचारा, मग बोला.