देवीचा कौल आणि वाडीची अकरा मते

देवीच्या डाव्या खांद्यावरचा तो पांढरा डाग अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, खाडीतून वर काढलेली प्रेते पाहिली. पण पेन्शनीत निघाल्यापासून कोणी "एखादी हकीकत सांगा" म्हटले की मला आधी तो डाग आठवतो. त्यात रक्त नव्हते की चोरीचा माल नव्हता. साधे मीठ होते.

मी तेव्हा ठाण्यात फौजदार होतो. कल्याणहून बदली होऊन वर्षही झाले नव्हते. गावाला म्युनिसिपालिटी जुनीच होती, पण तिचे सभासद लोकांनी निवडायचे ही गोष्ट नवी होती. घरपट्टी भरणाऱ्यांची यादी लागे. ठरल्या दिवशी यादीतल्या माणसाने कचेरीत यायचे, मामलेदारांसमोर उभे राहायचे आणि आपले मत कोणाला ते तोंडाने सांगायचे. कारकून लिहून घेई. उमेदवारांना तिथेच खुर्च्या मांडलेल्या असत. त्यात काही वावगे आहे असे तेव्हा कोणाला वाटत नव्हते. मलाही नाही.

माझा स्वभाव मुळात संशयी. भाजीवाली जास्त गोड बोलली तर मी भाजी परत ठेवत असे. आमच्या घरी म्हणत, "तुम्ही आरशातल्या माणसाचाही जबाब घ्याल." मला ती तारीफ वाटे. साहेबलोकही याच गुणावर खूश होते, त्यामुळे तो वाढतच गेला.

निवडणुकीला पंधरा दिवस असताना ठाण्यावर एक निनावी अर्ज आला. कागद चांगला, अक्षर वळणदार. मजकूर असा की खाडीकाठच्या एका वाडीत देवीच्या नावावर मतांची लबाडी चालली आहे. तिथल्या गुरवाने वकिलाशी संगनमत करून खोटा कौल लावला आहे आणि देवीचा कोप होईल या भीतीने साऱ्या वाडीची मते वकिलाला पडणार आहेत. सरकारने लक्ष घालावे.

उमेदवार दोन होते. एक वकील, नेमस्त गृहस्थ, निवडून आलो तर वाडीत गोड्या पाण्याची विहीर खोदवू असे सांगत फिरणारे. दुसरा एक शेठ. खाडीलगतची बहुतेक मिठागरे त्याची, आणि वाडीतला प्रत्येक कर्ता पुरुष त्याच्या मिठागरावर राबणारा. त्या भागात मते थोडी, त्यामुळे वाडीची अकरा मते ज्याला पडतील तो निवडून येणार हे उघड होते.

मी घाटावरचा. कौल ही काय भानगड आहे ते मला नीट ठाऊक नव्हते. आमचा हवालदार डोंबिवलीकडचा होता. त्याला विचारले.

"सोपं आहे साहेब," तो म्हणाला. "देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली पाकळी लावायची आणि प्रश्न घालायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी लहानपणी कितीदा बघायला गेलेलो."

"आणि लोक ऐकतात?"

"नाही ऐकून जातील कुठे?"

देवाचा कोप होईल अशी भीती घालून माणसाकडून एखादे काम करवून घेणे हा पिनल कोडाप्रमाणे गुन्हा आहे. ते कलम माझ्या हाताखालून कधी गेले नव्हते. मला हुरूप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार आणि दोन पंच घेऊन मी वाडीत गेलो. देऊळ लहान, कौलारू. छप्पर आणि घंटा शेठने दिलेली. पायतण आणि पट्टा बाहेर काढून मी आत गेलो. गुरव म्हातारा, एका पायाने अधू. त्याने समई वर धरली आणि अभिमानाने दाखवले, "बघा साहेब, 'वकिलाला मत देव का' म्हनून इचारलं, त उजवी लगेच परली. डावी अजून हाय. पाच दिस झालं."

खरोखरच डाव्या खांद्यावर झेंडूची पाकळी सुकून चिकटून बसली होती. पाच दिवस! भाविकाला त्यात चमत्कार दिसला असता. मला चिकटवलेली पाकळी दिसली. त्या वाडीची एक रीत होती. कौल लागला की ते काम पार पडेपर्यंत देवीला स्नान घालायचे नाही. दिवा-फूल चालू, पाणी बंद. त्या रीतीनेच माझे काम केले. पाकळीभोवती काळ्या दगडावर पांढरट कड धरली होती. मी बोट फिरवले आणि जिभेला लावले. खारट. उजव्या खांद्यावर तसे काहीच नव्हते.

मिठागरातले शेवटच्या वाफ्यातले पक्के, म्हणजे उन्हाने आटून दाट खारे झालेले पाणी ज्याने पाहिले आहे त्याला जास्त सांगायला नको. ते वाळले की खडा धरते. उजवी पाकळी गोड्या पाण्यात भिजवलेली, ती वाळताच गळली. डावी त्या पक्क्या पाण्यात, ती गळणारच नव्हती. ही युक्ती मिठागराबाहेरच्या माणसाला सुचली नसती. मी पंचनामा केला आणि गुरवाला ठाण्यावर आणले.

वाडीच्या अकराही मतदारांचे जबाब मी वेगवेगळे घेतले. प्रश्न तेच. कौल कोणी लावला? देवीने काय सांगितले? देवीचे न ऐकल्यास काय होईल? वकील कौलाआधी देवळात आले होते का? आणि शेवटी, कौल नसता तर मत कोणाला दिले असते? या शेवटच्या प्रश्नाला सगळ्यांनी आधी दाराकडे पाहिले आणि मग एकच उत्तर दिले, "देवी सांगल त्याला." पढवून ठेवलेत सगळे, असे मी मनात म्हटले. जबाब देणाऱ्याने दाराकडे का पाहिले, हा विचार करावा एवढे तेव्हा सुचले नाही.

गुरवाला मी दिवसभर बाकावर बसवून ठेवला.

"वकिलाने काय दिले तुला?"

"नारल दिला साहेब. देवीला. सगलेच देतान."

"खारे पाणी कोणी आणले?"

"मना काय ठावं? पाकल्या भिजवून मानूस हातान देतो, मी फकस्त लावतंय."

"कोणता माणूस?"

यावर तो दारातून ऊन किती कलले ते पाहू लागला. दुपार टळली. म्हातारा रडकुंडीला आला तो अटकेच्या भीतीने नव्हे. तो पुन्हा पुन्हा एवढेच म्हणे, "सांजवात ऱ्हाईल साहेब. देवी अंधारान बसल." मला वाटले, नाटक करतो आहे.

दिवेलागणीला एक माणूस आपणहून ठाण्यात आला. वाडीचा मुकादम. अकरांपैकी सर्वांत वडीलधारा, मिठाने तळपाय फुटलेले, आवाज शांत. सकाळच्या जबाबात त्यानेही इतरांसारखेच सांगितले होते.

"गुरवाला सोरा साहेब," तो म्हणाला. "पानी मी आनलेलं. पाकल्या मीच भिजवल्या. त्याला काय बी ठावं नाय."

मी गुरवाला जाऊ दिले. तो पाय ओढत जवळजवळ पळतच गेला. मुकादमाला मी समोर बसायला सांगितले, पण तो उभाच राहिला.

"वकिलाने सांगितले?"

"वकील मना वलखत बी नाय. माजी सून तल्यावरून हंडा आनते. दोन जीवांची हाय. वाडीन हीर झाली त बरा, एवराच."

"मग सरळ वकिलाला मत द्यायचे. कौल कशाला?"

तो माझ्याकडे असा पाहत राहिला, जणू मी दूधपिते पोर आहे. "शेठ समोर खुर्चीव बसनार. त्याचे डोल्यान बघून दुसऱ्याचा नाव कोन घेनार? देवीनी सांगितला बोललो, त शेठ बी गप बसल. त्यो बी तिलाच भितो."

गुन्हेगार सबब सांगतोच, असे म्हणून मी ते कानाआड केले. माझे लक्ष दुसरीकडे होते. "म्हणजे तू देवीलाच फसवलेस. तुला तिची भीती नाही?"

तेव्हा तो पहिल्यांदा हलला. त्याने खांब धरला.

"आदले दिशी मी एकटा गेल्तो, साहेब. गोऱ्या पान्यान कौल लावला. खरा कौल. वकिलाला मत देव का, असा इचारला." त्याने स्वतःच्या डाव्या खांद्याला हात लावला. "डावी परली. देवी नाय बोलली. मी तिचा ऐकला नाय."

मी बरेच गुन्हे कबूल होताना पाहिले आहेत. पण असली कबुली पहिलीच. तो मला भीत नव्हता, तुरुंगालाही नाही. आयुष्यभर जिला विचारल्याशिवाय होडी खाडीत लोटली नाही, तिची आज्ञा त्याने जाणूनबुजून मोडली होती. वर तिच्याच खांद्यावर आपले उत्तर चिकटवले होते. आणि ते सुनेच्या डोक्यावरच्या हंड्यासाठी.

मला त्याची कीव आली हे खरे. पण मनातला फौजदार म्हणाला, उरलेल्या दहा जणांचे काय? त्यांनी तर हा कौल खरा मानला. देवीच्या नावाने त्यांची मते याने परस्पर ठरवली. हा कुठला न्याय? मी त्याला दोन वाटा दिल्या. एक तर खटला भरतो. नाही तर तू देवळात सगळ्यांना बोलावून खरे सांग, देवीला स्नान घाला, आणि ज्याने त्याने आपल्या मनाने मत द्यावे. त्याने दुसरी वाट धरली. मी रोजनिशीत लिहिले, "समज देऊन प्रकरण निकालात काढले." त्या रात्री मला शांत झोप लागली. साप मेला आणि काठीही शाबूत, अशा समाधानात मी होतो.

दोन दिवसांनी शेठकडून केळ्यांचा घड आणि आभाराची चिठ्ठी आली. मी चिठ्ठी त्या निनावी अर्जाशेजारी ठेवली. वळणदार अक्षर, तेच. घड मी तसाच परत पाठवला आणि स्वतःच्या प्रामाणिकपणावर खूश झालो. कौल मोडला की वाडीची मते आपल्यालाच पडतील अशी शेठला एवढी खात्री का, याचा विचार करायला हवा होता. पण अर्जातली माहिती खरी निघाली होती, आणि खरी माहिती देणाऱ्यावर संशय घ्यायची आम्हाला सवय नसते.

मतांच्या दिवशी कचेरीत बंदोबस्त माझाच होता. मामलेदारांच्या डाव्या हाताला वकील बसले होते, उजव्या हाताला शेठ. वाडीची माणसे धुतलेली बंडी घालून एकामागून एक आत आली. शेठ कोणाला दरडावत नव्हता. तो प्रत्येकाला नावाने हाक मारून घरची खुशाली विचारत होता. "काय रे, धाकटा आता माझ्याच मिठागरावर ना? चांगला आहे पोरगा." बस, एवढेच. यात कोणते कलम लागणार? विचारलेला माणूस खाली जमिनीकडे बघे आणि शेठचे नाव घेई. पहिला झाला, दुसरा झाला, पाचवा झाला. तेव्हा मला कळले. त्यांच्यात आणि त्या खुर्चीत देवी उभी होती. तिला मीच बाजूला केले होते.

दहा मते शेठला गेली. शेवटी मुकादम आला. कबुलीची गोष्ट एव्हाना गावभर झाली होती. शेठ हसून म्हणाला, "काय मुकादम, देवी काय म्हणते?"

कचेरीत हशा पिकला. मुकादमाने जमिनीकडे पाहिले नाही. शेठच्या डोळ्यांत बघत तो म्हणाला, "देवी तुमचाच नाव घेते, शेठ. मी वकिलाचा घेतंय."

कारकुनाची लेखणी थांबली. मामलेदारांनी "लिहा" म्हटले तेव्हा ती चालली.

वकील पडले. आठ दिवसांनी मुकादम मला खाडीच्या रस्त्यावर भेटला. डोक्यावर बोचके होते, मागे सून. मिठागरावरून काढून टाकले होते आणि वाडीतही त्याच्याशी कोणी बोलत नव्हते. कळव्याला मेहुण्याकडे निघाला होता. मी काहीतरी बोलायचे म्हणून विचारले, "शेठने काढले?"

"काम शेठचे हातान हाय," तो म्हणाला. "पन राग शेठचा का देवीचा, ता मना कलत नाय साहेब. तुमाला कलतंय का?"

मी सुनेला वाट द्यायला बाजूला झालो. तो पुढे गेला.

देवाधर्मावरून माणसाने मत द्यावे की नाही, असा वाद हल्ली वर्तमानपत्रांत वाचतो. दोन्ही बाजूंचे लोक मोठे विद्वान असतात. माझे म्हणणे साधे आहे. माणूस मनात देव घेऊन येतो की विहीर घेऊन येतो, याची झडती घेता येत नाही आणि घेऊही नये. तो मुकादम माझ्या ओळखीतला सर्वांत श्रद्धाळू माणूस होता, आणि देवीचा शब्द मोडून स्वतःच्या विचाराने मत देणारा त्या दिवशी तोच एकटा होता. उरलेले दहा जण देवीच्या मागे का लपले होते, ते कळायला हवे होते. देवाच्या कोपाची भीती घातली तर त्याला कलम आहे. शेठच्या कोपाला नव्हते, आणि मी कलमापलीकडे पाहिले नाही.

पेन्शनीत निघताना जुनी कागदपत्रे चाळली. त्यांत वाडीचे ते अकरा जबाब मिळाले, माझ्याच अक्षरातले. पुन्हा वाचले. देवी काय म्हणाली हे मी अकराही जणांना विचारले होते. शेठ काय म्हणाला, हे एकालाही विचारलेले नव्हते.