पिंजारीण भाभींनी भरवलेला घास

बाळाला भरवताना भाभी आधी स्वतःचं तोंड उघडायच्या. बाळ खाऊ लागलं की त्यांचाही जबडा हलायचा. तुम्हीही अशा बायका पाहिल्या असतील. पण भाभींना त्याचं भानच नसे.

त्या ब्राह्मणपुरी गावात आमच्या शेजारी राहत. नवरा कापूस पिंजायचा, घर मुसलमानाचं. आमचं घर शेतकऱ्यांचं, सासूबाई सोवळ्याच्या. शेजार होता, पण खाण्यापिण्याची देवघेव नव्हती.

माझा थोरला वर्षाच्या आत तापानं खंगला. ताप उतरला, पण तो काही खाईना. माझं दूधही आटत चाललेलं. सासूबाई त्याचं नाक दाबून पेज ओतायच्या. तो सगळी ओकायचा. वाटी दिसली तरी किंचाळायचा. मी रडकुंडीला आले होते.

भाभी हे कुंपणापलीकडून बघत. एकदा म्हणाल्या, "बहीन, दम धर. तोंड त्यानं शे, भूक बी त्यानीच शे. त्याले सोता वाटीले हात लावू दे." तोंड त्याचं, भूकही त्याचीच, असं त्यांचं म्हणणं.

पुढे एका सकाळी पोर अंगणात दिसेना. धावत गेले, तर साहेब रांगत भाभींच्या ओसरीवर पोचलेले! भाभींची मुलगी ताटलीत वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकर खात होती. यानं त्याच ताटलीत पंजा घातला, चाटला, पुन्हा घातला. मी पुढे झाले, तशी भाभींनी खूण केली, "बोलू नको. खाई ऱ्हायना तो." खरंच, पोर खात होतं.

मागे वळले, तर सासूबाई उभ्या. त्या नातवाकडे बघत राहिल्या. त्याच्या नाकावर, कानावर, केसांत वरण. मी त्याला उचलायला वाकले, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. खाऊ दे त्याले."

त्या दिवसापासून आमच्याकडे नाक दाबणं बंद झालं. पोर भाभींच्या ओसरीवर जेवू लागलं. महिन्याभरात गालही भरले.

पुढे मला मुलगी झाली. तिच्या उष्टावणाच्या दिवशी घरात खिरीची घाई, आणि तेवढ्यात कळलं, पिंजाऱ्याचं बिऱ्हाड सुरतेकडे निघालं. सासूबाई खिरीची वाटी घेऊन तशाच रस्त्यावर. मी मुलीला घेऊन मागे.

"गाडी उभी कर," त्यांनी गाडीवानाला दटावलं. मग भाभींकडे वळल्या, "मन्ही नातनं उष्टावण शे आज. पहिला घास तू दे, मंग जाय."

भाभींनी गाडीतच मुलीला मांडीवर घेतलं. पहिला घास गेला. मुलीनं लगेच दुसऱ्यासाठी हात पुढे केला, तोवर बैल चालू लागले. सासूबाई वाटी उंच धरून गाडीबरोबर चालू लागल्या, आणि भाभी वाकून वाकून भरवत राहिल्या.

वेशीपाशी भाभींनी मुलीला माझ्या हातात दिलं. पुन्हा त्या कधी भेटल्या नाहीत. गाडी दिसेनाशी झाली तरी मुलगी जिभेनं ओठ चाटत होती, आणि सासूबाई रिकामी वाटी घेऊन रस्त्यात उभ्या होत्या.